प्रश्नानंतर सोडलेली जागा

"न्हाय समजलं, बाई," मम्मी म्हणाली.

"छान! आता आपण पुढे जाऊ या," मी म्हणाले.

म्हणजे मी काहीच म्हणाले नव्हते. मी मधल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. तो आवाज स्वयंपाकघरातल्या फोनमधून आला होता. मम्मी भाकरी करता करता शेळ्यांच्या लसीकरणाचा व्हिडिओ बघत होती आणि त्या व्हिडिओत शिकवणारी मुलगी मीच होते.

"ऐकलं का आक्का? न्हाय म्हनलं तरी छानच म्हनती."

आक्का म्हणजे माझी चुलती. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. ती विरजण मागायला आली होती आणि नेहमीप्रमाणे उंबऱ्यात बसली होती.

"येडी का काय तू? मोबाईलसंगं बोलायलीस?"

"मग कुणासंगं बोलू?"

"तुझीच लेक हाय की ती. आत बसलीया. जाऊन इचार की."

भाकरी थापायचा आवाज थोडा वेळ थांबला आणि परत सुरू झाला.

"मोबाईलमधीच बरी हाय," मम्मी म्हणाली. "मोबाईलमधी लई गोड बोलती."

चुलती मोठ्यानं हसली. मम्मीही हसली असावी. मी लॅपटॉप आवाज न करता मिटला आणि तशीच बसून राहिले, कारण उठले असते तर पलंग करकरला असता आणि मी ऐकतेय हे त्यांना कळलं असतं.

पुण्यात डिग्री करून मी गावी, बेंबळीला परत आले होते. पुण्यात नोकरी मिळाली होती, पण रोज इतक्या अनोळखी माणसांत बोलायचं मला झेपलं नाही. धाराशिवमधल्या एका संस्थेत काम मिळालं. ही संस्था शेळ्या पाळणाऱ्या बायकांसाठी अभ्यासक्रम चालवायची. प्रत्येक गावातली एक बाई शिकवून तयार करायची, तिला 'शेळीताई' म्हणायचं. शेळ्यांना जंताचं औषध देणं, लस टोचणं, कुठली शेळी घरी बरी होईल आणि कुठल्या शेळीसाठी डॉक्टर बोलवायला हवा हे ओळखणं, हे तिचं काम. गावं लांब लांब, बायकांना रोज शहरात येणं शक्य नाही, म्हणून सगळं शिक्षण फोनवर होतं.

शिकवणार होते संस्थेचे डॉक्टर. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले, गोठ्यात तासन्‌तास बोलणारे. पण कॅमेरा सुरू झाला की ते शाळेतल्या मुलासारखे हात बांधून उभे राहायचे आणि घसा खाकरत राहायचे. शेवटी संस्था चालवणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "तुझा आवाज स्वच्छ आहे. तूच बोल." संस्थेच्या सामानाच्या खोलीत, हिरव्या कापडासमोर, मी एकटीच. समोर कोणी नसल्यामुळे मला भीती वाटली नाही. मी हसत बोलायचे. "नमस्कार ताई! मागच्या वेळी आपण काय शिकलो ते आठवू या." मग आजचा विषय, मग मुद्दे, मग शेवटी, "समजलं का?" त्या प्रश्नानंतर मी थोडा वेळ गप्प राहायचे, जणू समोरची बाई उत्तर देतेय. मग म्हणायचे, "छान!"

मला शाळेत जसं शिकवलं होतं, तसंच मी शिकवत होते. दुसऱ्या प्रकारचं शिकवणं मी पाहिलंच नव्हतं. फळा गेला आणि हिरवं कापड आलं, एवढाच फरक. शाळेत 'अंडरस्टूड?' असं विचारल्यानंतरची शांतता मी कायम बाकाकडे बघत काढली. पुढच्या बाकावरचं कोणीतरी 'येस टीचर' म्हणायचं आणि सगळ्यांची सुटका व्हायची. व्हिडिओतही मी ती शांतता नीट आखून ठेवली होती. त्या जागेत एखादी बाई खरंच बोलेल आणि जे बोलेल ते 'नाही' असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

शेळ्या ही आमच्या घरात मम्मीची एकटीची गोष्ट. घर पप्पांच्या नावावर, शेत आजोबांच्या, पण शेळ्या तिच्या. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तिच्या माहेरानं तिला एक काळी पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, दिली होती. आमच्याकडे लेकीला अशी पाठ द्यायची पद्धत आहे. तिची जी काही वीण होईल ती लेकीची. दावणीला असलेल्या सगळ्या शेळ्या त्या एका पाठीच्या पोटच्या. गावात शेळीताई निवडायची बैठक झाली तेव्हा पप्पा नोकरीवर होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि माझी आई, जिनं कधी कुठल्या बैठकीत तोंड उघडलं नव्हतं, म्हणाली, "म्या करते." हे मला तिनं सांगितलं नाही. मी चुलतीकडून ऐकलं. म्हणजे चुलती दुसऱ्या कोणाला सांगत होती आणि मी ऐकलं.

आमच्या घरात असंच होतं. त्याचं कारण सांगायला हवं. मला धाराशिवच्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा पहिल्याच पालकसभेत शिक्षिका म्हणाल्या होत्या की घरी मुलांशी इंग्रजीत बोला, नाहीच जमलं तर निदान शुद्ध मराठीत. घरची बोली मुलांच्या जिभेवर बसली की ती निघत नाही. बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन होते तसेच बोलत राहिले. मम्मीनं मात्र ते मनावर घेतलं. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि आपली मराठी शुद्ध नाही, अशी तिची खात्री झाली. म्हणून तिनं माझ्याशी बोलणंच कमी केलं. जेव. ये. झोप. थंडी आहे. एवढेच शब्द, तेही जपून, पुस्तकातल्यासारखे. ती मला बिघडवायला घाबरत होती. चुलतीशी, शेळ्यांशी, दारात आलेल्या बांगडीवालीशी ती भडाभडा बोलायची, भांडायची, नकला करायची. मी आले की आवाज खाली जायचा. त्यामुळे माझ्या आईची खरी भाषा मी कायम भिंतीपलीकडून ऐकली. मला गप्प राहून ऐकायची सवय लागली ती तिथूनच, आणि गप्प राहायचीही.

त्या दिवशी चुलती जाताना पुढचं बोलली.

"पर काय गं, त्या आंत्रविषाराच्या लशी तूच टोचनार का आमच्या शेळ्यांला?"

"डाक्टर म्हनलेत तसं."

"आन् तुला तर समजंना म्हनायलीस."

"तेच तर."

"टोचता टोचता एखांदी मेली बिली तर? गाव बोलंल बघ. म्हनंल, नवऱ्याचा पगार हाय, बसून खायाचं सोडून हिला सुई धरायची हौस."

मम्मीनं विरजणाची वाटी तिच्या हातात दिली.

मी लॅपटॉप उघडला. संस्थेच्या अभ्यासक्रमाच्या पानावर प्रत्येक बाईच्या नावापुढे खुणा असायच्या. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की हिरवी खूण. मम्मीच्या नावापुढे सगळं हिरवं होतं. नुसतं तिच्याच नाही, आमच्या भागातल्या सगळ्याच बायकांच्या नावापुढे. मॅडमनी त्या पानाचा फोटो काढून वर पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं की आपला भाग सगळ्यांत पुढे आहे. आंत्रविषार म्हणजे पावसाळ्यातल्या कोवळ्या चाऱ्यानं पोटात विष होऊन शेळी मरते तो रोग. त्याच्या लशीसाठी, त्याच हिरव्या खुणांच्या भरवशावर, पावसाळ्याआधी बायकांच्या हातात सिरिंज दिली जाणार होती.

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं ऑफिसला गेले. वाटेत वाक्य तयार केलं. 'मॅडम, व्हिडिओ पूर्ण झाले आहेत, पण शिकणं झालेलं नाही.' मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, "आणखी कोणाला काही बोलायचंय?" मी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मीटिंग संपली.

संध्याकाळी मी डॉक्टरांना मेसेज लिहिला. लिहिणं मला जमतं. घरात जे ऐकलं ते जवळजवळ शब्दशः लिहिलं, फक्त ती बाई माझी आई आहे हे लिहिलं नाही. त्यांनी लगेच फोन केला. मी फोन वाजू दिला. मग त्यांनी बोललेला मेसेज पाठवला.

"मला हेच वाटत होतं, पण म्हटलं तुम्ही शिकलेल्या पोरी, तुम्हाला जास्त कळतं. आगं, दवाखान्यात मी कुणाला कधी 'समजलं का' विचारलं नाही. शेळी समोर असायची. म्हणायचो, बघ हात लावून. हात लावला की कळायचं, हिला समजलंय का नाही. तुझ्या व्हिडिओत शेळी कुठंय? तूच आहेस सगळीकडं."

मी तो मेसेज परत ऐकला. शेवटचं वाक्य लागलं, पण खरं होतं. आमच्या धड्यांत शेळीचं चित्र कोपऱ्यात असायचं, माझ्या खांद्याएवढं.

मग आम्ही दोघांनी मिळून, म्हणजे ते बोलून आणि मी लिहून, एक वेगळी पद्धत ठरवली. धडा पाठवायचाच नाही. रोज एकच काम पाठवायचं, डॉक्टरांच्या आवाजात, दोन-चार वाक्यांचं. बाईनं ते आपल्या गोठ्यात करायचं, आपल्या वेळेला, आणि फोन शेळीकडे वळवून फोटो काढायचा, नाहीतर जे दिसलं, हाताला लागलं ते बोलून पाठवायचं. सगळ्या जणींनी एकमेकींचं ऐकायचं, त्यासाठी मी फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप करायचा. डॉक्टर संध्याकाळी सगळ्यांना मिळून उत्तर देणार. मॅडमना मी हे ईमेलनं कळवलं. त्या म्हणाल्या, करून बघा, पण व्हिडिओ बंद करू नका, खुणा लागतात.

पहिलं काम होतं डोळ्याचं. शेळीची खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढायची आणि आतला रंग बघायचा. लाल असेल तर ठीक. फिकट, पांढरट असेल तर पोटात जंत तिचं रक्त पितायत.

दिवसभर ग्रुपवर काही आलं नाही. संध्याकाळी एक अंधुक फोटो आला, त्यात फक्त शिंग होतं. डॉक्टर म्हणाले, "शिंग झकास आहे. आता डोळा दाखवा." मग एक हसण्याचा आवाज आला. मग दुसऱ्या एका बाईचा, "आवो ती हलायलीया, कसा काढू फोटू?" आणि तिसरीचा, "दोन पायात धर की मुंडकं, नवऱ्याला धरती तसं." मग मात्र फोटो येऊ लागले. लाल डोळे, गुलाबी डोळे, नुसत्या पापण्या. हा गुलाबी का फिकट, यावर बायका भांडू लागल्या. एकीनं चुलीजवळ काढला म्हणून तो लाल दिसतोय, उजेडात काढ, असं दुसरी सांगायला लागली. हे आम्ही कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं, कारण आम्हालाही सुचलं नव्हतं. आणि उजेडात काढल्यावर रंग खरोखर वेगळा निघाला. जिनं 'लाल' म्हणून सोडून दिलं होतं तिला आपली शेळी फिकट आहे हे कळलं.

एक दिवस एक फोटो आला तो माणसाच्या डोळ्याचा. खाली आवाज, "डाक्टरसाहेब, ही शेळी न्हाय, म्या हाय. मला बी जंत हायत का बगा." सगळ्या हसल्या, हसण्याचेच मेसेज आले. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, तुमचा डोळा तुमच्या शेळीपेक्षा पांढरा आहे. मी माणसांचा डॉक्टर नाही. उद्या उपकेंद्रात जाऊन रक्त तपासा. गेलात की इथं सांगा." ती गेली. तिनं सांगितलं. तिला गोळ्या सुरू झाल्या. मग आणखी दोघी गेल्या.

मम्मीनं मात्र काहीच पाठवलं नाही.

ती ऐकायची सगळं. स्वयंपाक करताना फोन ताटावर टेकवून ठेवायची आणि बायकांचे आवाज घरात फिरायचे. डोळे ती बघत असावी. गोठ्यात अंगठा पुसून ती एकेका शेळीपुढे वाकायची ते मला खिडकीतून दिसायचं. पण ग्रुपवर तिचा एक शब्द नाही. डॉक्टरांनी नाव घेऊन विचारलं, "बेंबळीच्या ताई कुठं आहेत?" तरी नाही. लसीकरणाचा दिवस जवळ येत होता. डॉक्टर मला म्हणाले, "ही एक बाई बोलत नाही. आणि ज्या बाईचा हात मी पाहिला नाही, तिच्या हातात सुई देणार नाही. तिच्या जागी दुसरी बघावी लागेल."

त्या रात्री जेवताना मी मम्मीकडे बघत होते. विचारायचं होतं, तू का पाठवत नाहीस? पण विचारायला कुठल्या भाषेत सुरुवात करायची तेच कळेना. व्हिडिओतल्या माझ्या भाषेत विचारलं असतं तर ती तपासणी वाटली असती. तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "गरम आहे." शुद्ध, जपून.

तेव्हा मला कळलं. ग्रुपच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव होतं. ती बोलली असती तर ते मी ऐकलं असतं. व्हिडिओतल्या माझ्याशी ती बोलू शकत होती, कारण व्हिडिओतल्या त्या मुलीला ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं जी बोली तिनं माझ्यापासून लांब ठेवली, ती आता माझ्याच ग्रुपवर, इतक्या बायकांदेखत, ती कशी आणणार होती?

मी डॉक्टरांना लिहिलं, ग्रुप तुम्ही सांभाळा, मी बाहेर पडते. त्यांनी कारण विचारलं. मी लिहिलं, ती बाई माझी आई आहे. मग एवढंच आलं, "बरं."

मी बाहेर पडले. फोनवर ते सगळ्यांना दिसतं. अमुक व्यक्ती गेली. ऑफिसमध्ये मॅडम रागावल्या. अभ्यासक्रम करणारीच ग्रुपवर नाही तर तो चालतोय हे तुला कळणार कसं? त्यांचा प्रश्न बरोबर होता. माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते ऑफिसात सांगण्यासारखं नव्हतं. मधल्या खोलीची स्वयंपाकघराकडची भिंत विटांची आहे आणि तिच्या वर, छताखाली, एक फट आहे.

पहिले काही दिवस फटीतून फक्त दुसऱ्या बायकांचे आवाज आले. मग एका सकाळी गोठ्यातून मम्मीचा आवाज ऐकू आला. आधी मला वाटलं ती शेळीशी बोलतेय.

"हां, डाक्टरसाहेब. म्या बेंबळीची. म्हंजे, मी. आता ही बगा, हिची डावी कूस. काल तुम्ही म्हनलाव हात ठिवा. ठिवला. आत गुडगुड हुतंय, पर लई सावकाश. बाकीच्यांच्या पोटात चक्की चालल्यावानी हुतंय, हिच्यात न्हाय. काल हिनं हरभऱ्याचा भुस्सा लई खाल्ला. आता मला हे कळंना, की हिला चालवू का बसवू. आन् तुम्ही छान म्हनू नका. कळंना म्हनलं म्हंजे कळंना."

मी खिडकीपासून मागे सरकले. कुणा साहेबाशी ती इतकं सलग बोलल्याचं मी क्वचितच ऐकलं होतं. मेसेज पाठवताना होणारा तो छोटा आवाज झाला आणि मग ती शेळीला म्हणाली, "गेला बग."

डॉक्टरांचं उत्तर आलं ते मी ऐकलं नाही. मला कामावर जायची घाई होती असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी आले तेव्हा ती शेळी अंगणात फेऱ्या मारत होती आणि मम्मी तिच्या मागे.

त्यानंतर ती बोलतच राहिली. चुकायचीही. एकदा तिनं करडाला मोठ्या शेळीएवढं औषध काढलं होतं, दुसऱ्या गावातल्या बाईनं सिरिंजचा फोटो बघून तिला अडवलं, "आवो ताई, त्येचा जीव केवढा, तुमचं औषध केवढं!" मम्मीनं ते हसून मान्य केलं. व्हिडिओत हे प्रमाण मी तक्त्यासकट दाखवलं होतं. तिच्या नावापुढे त्याची हिरवी खूण होती.

सुई धरायची सवय व्हावी म्हणून डॉक्टरांनी मोसंबीवर सराव सांगितला. सालीच्या खाली पाणी सोडायचं, फोडीत जाऊ द्यायचं नाही. आंत्रविषाराची लस कातडीखाली द्यायची असते, मांसात नाही. कातडी चिमटीत उचलायची, तिची छोटी राहुटी होते, त्या राहुटीत सुई आडवी घालायची. घरात टोचलेल्या मोसंब्यांचा ढीग झाला. पप्पा एक सोलायला गेले आणि बोटांवर पाणी उडालं. "घरात माणसं राहतात का शेळ्या?" ते म्हणाले. मम्मी त्यांच्याकडे बघून म्हणाली, "दोनी." मी समोर होते. ती माझ्यासमोर बोलली होती, तिच्या भाषेत, आणि ते तिच्या लक्षातही आलं नसावं.

त्याच आठवड्यात एकदा मी अंगणात केस वाळवत होते. ती गोठ्यातून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि काही न विचारता अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. तिच्या हाताला पाल्याचा वास होता. तिनं एक डोळा बघितला, मग दुसरा. मी उजेडाकडे तोंड करून उभी राहिले.

"फिकी हायस," ती म्हणाली. "गूळशेंगा खात जा."

आणि परत गोठ्यात गेली.

लसीकरणाच्या दिवशी डॉक्टर सकाळीच बर्फाची पेटी घेऊन आले. आमच्या शेळ्यांना आधी टोचलं. पहिल्या शेळीला मम्मीनं सुई दोनदा धरून बघितली, मग सरळ टोचत गेली. तिथं फक्त आम्हीच होतो. पुढचं घर चुलतीचं. तोवर गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, लेकरं भिंतीवर चढून बसली होती. डॉक्टर मुद्दाम लांब, लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसले आणि फोन बघायला लागले. ऑफिसनं मला लसीकरणाचा व्हिडिओ आणायला सांगितलं होतं. मी फाटकापाशी फोन उभा धरून थांबले होते.

चुलतीची शेळी अंगानं मोठी आणि भित्री. चुलतीनं तिचा कान धरला होता आणि तोंड दुसरीकडे केलं होतं. मम्मीनं खांद्यामागे कातडी चिमटीत उचलली. शेळीनं उसळी मारली, कातडी निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. भिंतीवरची लेकरं हसली. बायकांपैकी कोणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, डाक्टरलाच टोचू द्या की." मम्मीनं डॉक्टरांकडे बघितलं. ते फोनमधून मान वर करीनात. तिनं सिरिंज हवेत तशीच धरली होती आणि फोनच्या पडद्यावर मला तिचा चेहरा दिसत होता. पालकसभेतून परत येताना तिचा असाच चेहरा असायचा. आता ती सुई खाली ठेवणार आणि परत कधी उचलणार नाही, असं मला वाटलं.

"आगं, येतंय का न्हाय तुला?" चुलती ओरडली. "माझ्या शेळीचा जीव चाललाय हितं. येत नसंल तर सांग सरळ!"

मम्मीची सिरिंज हळूहळू खाली आली.

मी फोन बंद केला, कुर्त्याच्या खिशात घातला आणि फाटक ढकलून आत गेले. शेळीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले, एक हात तिच्या छातीखाली, एक जबड्याखाली घेतला. ती धडपडली, मग थांबली. तिचं काळीज माझ्या मनगटाला लागत होतं. सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. माझा आवाज निघाला, व्हिडिओतल्यासारखा नाही, चिरका आणि जरा जास्तच मोठा.

"येतंय तिला, काकू. तुम्ही सरा बाजूला, मी धरते."